उकाराखालचा ओघळ

आष्टीच्या लोकांनी पुनाजी पेंटरला टोपीशिवाय पाहिलं असेल, अनवाणी पाहिलं असेल, पण डाव्या खांद्यावरच्या फडक्याशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. जुन्या धोतराचा हातभर तुकडा, घासलेटात भिजवून पिळलेला. मुलीच्या लग्नात फोटोवाल्याने हट्टाने ते काढून ठेवायला लावलं होतं. तो फोटो अजून घरात आहे. नवरा-नवरी समोर पाहताहेत, शकुबाई डोळे पुसते आहे, आणि पुनाजीचा उजवा हात डाव्या खांद्यावर काहीतरी शोधतो आहे.

फडकं ओघळासाठी. रंगात तेल जास्त पडलं किंवा ब्रश जरा जास्त भरला, की अक्षराच्या पायाशी एक थेंब फुगतो. क्षणभर थांबतो, मग भिंतीवरून खाली निघतो. तो निघायच्या आत फडकं पोहोचलं पाहिजे. पुनाजीचं पोहोचायचं. डोळ्याला दिसायच्या आधी त्याच्या हाताला कळायचं.

"ओघळ म्हंजे अक्षराचा शेंबूड," तो म्हणायचा. "नाक वाह्यते असं पोट्टं कोनी पंगतीत बसवते का? मंग तसं अक्षर दुकानावर काऊन बसवाचं?"

आष्टीपासून आर्वीपर्यंत किती दुकानं, किती शाळांच्या भिंती, किती ट्रकांच्या फळ्या त्याने लिहिल्या, त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. एकाही अक्षराला ओघळ नाही, हे मात्र तो छातीवर हात ठेवून सांगायचा. आणि सांगताना एका पाटीची आठवण गिळून टाकायचा. त्या पाटीचं पुढे येईल.

मग फ्लेक्स आलं. रात्रीतून छापून मिळणारं, पुढाऱ्यांच्या दातांसकट चकाकणारं. पुनाजीकडे उरल्या त्या मोटरसायकलींच्या नंबरपाट्या आणि देवळांची नावं. घराच्या पडवीत ब्रश डब्यात उभे असायचे, धुतलेले, कोरडे. तो रोज त्यांना हात लावायचा आणि परत ठेवायचा.

अशातच पौषातल्या एका सकाळी रक्षा आली. रोहणा गावची पोरगी, तिशीच्या आतली, नागपुरात चित्रकला शिकलेली. वर्ध्याला एका संस्थेच्या सभागृहात तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. त्या आवारात प्लॅस्टिक चालत नाही, म्हणून दारावर लावायचं पोस्टर कापडावर हाताने रंगवून हवं होतं. दहा फूट उंच, सहा फूट रुंद. शोधत शोधत कोणीतरी तिला पुनाजीचं नाव सांगितलं होतं.

तिने काखेतली कागदाची गुंडाळी सोडली आणि अंगणात पसरली. चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले.

पुनाजी त्या कागदाभोवती एक फेरी मारून आला. मग उलट्या बाजूने दुसरी मारली. पांढऱ्यावर खालच्या कोपऱ्यातून एक काळा फटकारा उठला होता, वर जाताना फुटला होता, वळला होता, आणि अर्ध्यातच तुटला होता. त्याच्या अंगावरून गेरूचा एक लाल फटका आडवा गेला होता. खाली प्रदर्शनाचं नाव आणि तारीख.

"हे काय होय, माय?"

"काही नाई, काका. खराटा रंगात बुडवला अन् हात गेला तसा जाऊ देला."

"मंग हे बाई होय, झाड होय, का आग होय?"

"तुमाले काय दिसते?"

पुनाजीने मान वाकडी करून पाहिलं. "मले त कोनी घाईघाईत आंगन झाडलं अन् पयालं, असं दिसते."

रक्षा खळखळून हसली. "बरोबर हाय. आता तेच दहा फुटाचं करा."

दारातून शकुबाई सगळं पाहत होती. तिने विचारलं, "अन् नाव काय वो ह्या कारभाराचं?"

"उसळी, काकू."

"उसळ? मटकीची का वाटान्याची?"

हसणं झालं, चहा झाला. जायच्या आधी रक्षा पुन्हा कागदाजवळ बसली. काळा फटकारा जिथे तुटला होता तिथून रंगाचा एक लांब ओघळ खाली आला होता, थेट तारखेच्या आकड्यापर्यंत. तिने त्यावर बोट ठेवलं.

"काका, हा मले सगळ्यात आवडते. मी थांबली, पन रंग थांबला नाई. एकच मागनं हाय तुमाले. जसं हाय तसंच करा. काही सुधारू नका."

पुनाजीला ते लागलं. "मी पेंटर हाव बेटा, मास्तर नाई. हुबेहूब भेटन तुले."

त्याने घराच्या भिंतीवर मांजरपाट ताणून ठोकला, त्यावर खळ आणि खडूची पूड चढवली, कागदावर आणि कापडावर सारखे चौकोन पाडले. मग चौकोनामागून चौकोन भरत गेला. खराट्याच्या एकेका काडीने ओढलेली बारीक रेघ त्याने बारीक ब्रशने वेगळी काढली. त्या पोरीच्या हातून जे एका दमात झालं होतं त्याला पुनाजीला चार दिवस लागले. पण चौथ्या दिवशी कापडावरचा फटकारा कागदावरच्या फटकाऱ्याचा सख्खा भाऊ दिसत होता. शेजारपाजारचे येऊन पाहून गेले. काही कळलं नाही तरी मान हलवून गेले. कितीतरी दिवसांनी पुनाजी घरात ताठ चालत होता.

पाचव्या दिवशी फक्त शेवट राहिला होता. फटकारा जिथे तुटतो ती जागा. पुनाजीने ब्रश काळ्यात बुडवला, टोक टेकवलं, दाबलं, उचललं. रंग जरा जास्त झाला. थेंब फुगला, थांबला, आणि निघाला. कागदावर जिथून निघाला होता अगदी तिथूनच. आपल्या पायांनी चालत आल्यासारखा.

पुनाजीने तो पाहिला. पाहिला तोपर्यंत हात फडक्यासकट जाऊन आला होता. कापड स्वच्छ झालं होतं, फडक्यावर एक काळा डाग पडला होता.

तो जरासा उभा राहिला. मग त्याने सगळ्यात बारीक ब्रश घेतला, हात टेकवायची काठी लावली आणि कागदात पाहून ओघळ काढायला घेतला. दोन्ही कडा सारख्या, मध्ये कुठे जाड नाही, बारीक नाही, खाली मोत्यासारखा गोल थेंब. दीड तास लागला. खरा आला तो पुसला आणि खोटा काढला. पण हे त्या दिवशी त्याला कळलं नाही. त्या दिवशी तो दोन पावलं मागे सरला आणि त्याला वाटलं, असा सुरेख ओघळ उभ्या जिल्ह्यात दुसरा कोणी काढून दाखवावा!

त्याच खुशीत त्याने केळझरला दिलेल्या लेकीला, स्वीटीला, फोन केला. "आयतवारी वर्ध्याले ये. बापाचं काम पाह्य."

शुक्रवारी तो कापडाची गुंडाळी मांडीवर घेऊन एसटीने वर्ध्याला गेला. दोन माणसांनी शिडीवर चढून पोस्टर सभागृहाच्या दारावर ताणलं. आवारातले लोक जमले. "वा, पेंटर! छापलं असं वाटते!" एकजण म्हणाला. पुनाजीने फडकं सारखं केलं.

रक्षा लांबून पाहत होती. मग जवळ आली. मग शिडीवर चढली, ओघळाच्या उंचीपर्यंत, आणि त्याच्या सरळ कडेवरून बोट फिरवत खाली आणलं.

"हा काढला का, काका?"

"होय त. हुबेहूब. मोजून पाह्यजो पाहिजे त."

तिने पुनाजीच्या तोंडाकडे पाहिलं. काहीतरी बोलायला आली होती, ते तिने परत नेलं.

"छान झालं," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत पुनाजीला खिडकीची जागा मिळाली. आर्वी मागे पडली, तुरीची शेतं मागे पडली, आणि ते दोन शब्द मात्र त्याच्या शेजारी बसून राहिले. छान झालं. असं कोणीतरी त्याला आधी म्हटलं होतं. ह्याच आवाजात. असंच तोंडाकडे पाहून. कोणी म्हटलं होतं ते त्याला माहीत होतं, फक्त तिकडे बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आष्टीचा बाजार होता. शकुबाई दर बाजारी रानमेवा घेऊन बसायची. बोरं, चिंच, चारोळी, दिवसांप्रमाणे जे रानात मिळेल ते. पोतं अंथरलं, ढीग लावले, की ती जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलेली टिनाची पाटी सोडायची, पदराने पुसायची आणि मागच्या बांबूला अडकवायची. पिवळ्यावर लाल अक्षरं: शकुबाईचा रानमेवा. शकुबाईला वाचता येत नव्हतं. पण पाटी उलटी लागली असं वीस वर्षांत एकदाही झालं नाही.

त्या दिवशी पुनाजी तिच्याजवळ येऊन बसला. रामाजी बोरं घ्यायला आला होता, पुनाजीच्याच वयाचा, उभ्या बाजाराची थट्टा करणारा.

"वयनी, पाटी नवी केली का?"

"नवी कायची? स्वीटी सातवीत होती तवाची हाय. माह्या पोरीनं लेह्यलं ते."

"पन अक्षर त पुनाजीसारखं दिसते वो!"

"बापाचीच पोट्टी हाय," शकुबाई म्हणाली, "मंग कोनासारखं दिसन? तुमच्यासारखं?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. पुनाजी हसला नाही.

ती पाटी खरंच स्वीटीने लिहिली होती. बारा वर्षांची पोर. बापाच्या डब्यांतला उरलासुरला रंग घेऊन तिने आईसाठी तीन दुपारी खपून लिहिली. अक्षरं डावीकडे गर्दी करून, उजवीकडे मोकळी. 'कु'च्या उकाराखालून लाल रंगाचा एक ओघळ बोटभर खाली आला होता. पोरीला त्याचं काही वाटलं नव्हतं. तिने पाटी आईला दाखवली, एकेका अक्षरावर आईचं बोट फिरवून तिचं नाव तिला वाचायला लावलं, आणि शकुबाई हसता हसता रडली.

बापाला मात्र तो ओघळ दिसत राहिला. पेंटरच्या घरची पाटी, आणि शेंबडी? बाजाराला दोन दिवस होते. पोर शाळेत, बायको रानात, अशी वेळ साधून पुनाजी पाटी घेऊन बसला. रंग वाळला होता, पुसून निघेना. म्हणून त्याने त्यावर पिवळा हात मारला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच शब्दांवर आपली अक्षरं लिहिली. सरळ, सारखी, कोरडी. लेकीच्या कामाला चार लोकांनी हसू नये म्हणून आपण हे करतो आहोत, असं त्याला मनापासून वाटत होतं.

बाजाराच्या सकाळी शकुबाई पाटी लुगड्यात गुंडाळत होती. "पाह्य वो स्वीटे, कशी चमकून राह्यली तुही पाटी!" पोरीने पाटीकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलायला आली होती ते परत नेलं.

"छान झालं," ती म्हणाली.

त्यानंतर तिने ब्रशला हात लावला नाही. पोरीचा नाद सुटला, असं पुनाजी लोकांना सांगायचा. लोकांना सांगता सांगता स्वतःलाही सांगायचा.

आता रामाजी बोरं निवडत होता, शकुबाई तागडी धरून होती. पुनाजीने मागे हात नेऊन 'कु'च्या उकाराखाली बोट फिरवलं. वरून सपाट दिसणाऱ्या पिवळ्या रंगाखाली एक बारीकसा उंचवटा होता. बोटभर लांब. खाली जाताना जरासा वाकडा. वीस वर्षं तो तिथेच होता, दर बाजारी बांबूला लटकत.

"काय पाहून राह्यले जी?" शकुबाईने विचारलं.

"काही नाई," पुनाजी म्हणाला. "उद्या मले वर्ध्याले जावं लागन."

प्रदर्शन अकरा वाजता उघडणार होतं. पुनाजी नऊलाच पोहोचला. पिशवीत काळ्या रंगाचा डबा, एक पांढऱ्याचा, दोन ब्रश. रक्षा दारात रांगोळी काढणाऱ्या पोरींना काही सांगत होती. पुनाजी सरळ तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"माय, थो ओघळ खोटा हाय."

रक्षाने पोरींना बाजूला जायला खुणावलं.

"खरा आलता. माह्या हातानं पुसला मी. अन् मंग काठी लावून हा काढला."

"माहीत हाय, काका. दिसते ना."

"मंग परवा काऊन नाई बोलली?"

"तुमी एवढे खुशीत होते." तिने खाली पाहिलं. "राहू द्या आता. दोन तासात लोकं येऊन राह्यले. कोनाले समजते?"

"तुले समजते. मले समजते." पुनाजीने शिडी ओढली. "आमच्या इथं एक पोट्टी अशीच चूप राह्यलती. तिच्या टायमाले मी शिडी नाई लावली."

त्याने आपला सुरेख ओघळ पांढऱ्याने झाकला. कापडावर ऊन पडत होतं, तरी पांढरा वाळायला वेळ लागला. तोवर तो शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिला. फाटकातून स्वीटी आली तेव्हा तो तसाच बसला होता. केळझरहून सकाळच्या गाडीने निघालेली, डब्यात बापासाठी भाकरी-चटणी.

"बाबा, हे काय? काम अजून झालंच नाई?"

"झालतं," पुनाजी म्हणाला. "बिघडवाचं राह्यलं."

पांढरा वाळला. तो उठला, ब्रश काळ्यात बुडवला, चढायला लागला, आणि थांबला. डाव्या खांद्यावरचं फडकं काढून त्याने खाली लेकीपुढे धरलं.

"हे धर."

"काऊन?"

"धर. अन् मी मांगतलं तरी देजो नको."

स्वीटीने फडकं घेतलं. तिला काही कळलं नव्हतं, पण बापाच्या हातून ते फडकं आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात येत होतं, म्हणून तिने ते दोन्ही हातांनी धरलं.

पुनाजीने फटकारा तुटतो तिथे ब्रश टेकवला आणि दाबला. थेंब फुगला. थांबला. सुटला. त्याचा उजवा हात खांद्यावर गेला आणि मोकळाच परतला.

"स्वीटे, फडकं!" तोंडातून निघूनच गेलं.

खालून काही आलं नाही.

ओघळ कापडावरून उतरत होता. एका घडीवर अडला, बाजूला सरकला, पुन्हा खाली निघाला. कागदावरच्यापेक्षा वाकडा, कुठे जाड, कुठे केसाएवढा. तारखेपर्यंत आला. ती तारीख पुनाजीने सरळपट्टी न लावता, निव्वळ हातावर लिहिली होती, आणि सगळ्या पोस्टरमध्ये तेवढीच जागा त्याला आपली वाटत होती. ओघळ तिथे थांबेल असं त्याला वाटलं. तो आकड्याच्या पोटातून आरपार गेला आणि कापडाच्या कडेवरून खाली पायरीवर टपकला.

रक्षाने तोंडावर हात ठेवला होता. डोळे हसत होते. पुनाजी शिडीवर तसाच उभा होता, रिकामा हात खांद्यावर धरून, कोणीतरी चारचौघांत धोतर सोडल्यासारखा.

नंतर आवारातल्या कडुनिंबाखाली बाप-लेक भाकरी खायला बसले. आत भाषणं चालू होती. पुनाजीने तुकडा मोडला आणि हातातच ठेवला.

"स्वीटे, आईची पाटी..."

"माहीत हाय."

"'कु'च्या उकाराखाली..."

"माहीत हाय, बाबा."

"तू बोलली काऊन नाई तवा?"

स्वीटी मांडीवरच्या फडक्याची घडी घालत होती. घातली, मोडली, पुन्हा घातली. "बोलनार होती. पन आई एवढी हसून राह्यलती. अन् मले वाटलं, आपलं खराबच असन. बाबा पेंटर हाय, त्यायले समजते."



"मी आज घरी जाऊन सांगतो तुह्या आईले," तो म्हणाला. "थे अक्षर माहं होय. तुहं मी झाकलं. सांगूनच टाकतो."

"नाई." स्वीटीचा आवाज चढला नाही, पण घडी घालणारे हात थांबले. "आईले सांगजा नका. वीस वर्सं झाले, दर बाजारी चार लोकाईत माहं नाव घेते थे. वाचता येत नाई, तरी त्या पाटीकडे पाहून तिले मी दिसते. ते बी पुसता का आता?"

पुनाजीने हातातला तुकडा परत डब्यात ठेवला. "मंग मी काय करू, माय?"

"काही करू नका. जसं हाय तसंच राहू द्या. काही सुधारू नका."

गाडीची वेळ झाली तेव्हा ती उठली. डबा पिशवीत टाकला, फडकंही टाकलं. तिच्या ध्यानात राहिलं नसेल, किंवा राहिलं असेल. पुनाजीने मागितलं नाही.

पुढच्या बाजारी शकुबाईने पोतं अंथरलं, ढीग लावले, पाटी सोडून पदराने पुसली आणि बांबूला अडकवली. पुनाजी मागे बसला होता. रामाजी आला, त्याने पुनाजीकडे पाहिलं आणि डोळे मोठे केले.

"अरे पेंटर! फडकं कुठं गेलं बे? आज त तू कपडे न घालता आला असा दिसते!"

"पोरीजवळ हाय."

"पोरीनं पुन्हा लेहाले घेतलं का काय?"

शकुबाईने तेवढ्यात सवयीने मागे बोट दाखवलं. "थे काय, दिसत नाई का? पोरीनंच त लेह्यलं हाय."

"खरं का रे पुनाजी?" रामाजीने डोळा मारला. "आज सांगूनच टाक. अक्षर तुहं होय का पोरीचं?"

शकुबाई हसत नवऱ्याकडे वळली. तिला उत्तर माहीतच होतं, नवऱ्याच्या तोंडून फक्त ऐकायचं होतं. पुनाजीने पाटीकडे पाहिलं. सरळ, सारखी, कोरडी अक्षरं. एकालाही ओघळ नाही. जिथे बोट ठेवायचं ती जागा त्याला आता न पाहता सापडायची.

"खालचं पोरीचं हाय," तो म्हणाला.

रामाजीने पाटीखाली वाकून पाहिलं. "खाली त बोरं हायेत."

"मंग बोरं घ्या ना," शकुबाई म्हणाली आणि तागडी उचलली.